टिरो कोण होता? सिसेरोचा गुलाम, ज्याच्या नावाची एक खूण आजही पाट्यांवर दिसते

मराठीत आपण ‘इ.’, ‘उदा.’ लिहितो. इंग्रजीत तेच काम लॅटिन करते. ‘ईटीसी’ म्हणजे ‘एट सेटेरा’, आणि इतर. ‘ईजी’ म्हणजे ‘एक्झेम्प्ली ग्राशिया’, उदाहरणार्थ. ‘आयई’ म्हणजे ‘इड एस्ट’, म्हणजेच. शेवटच्या दोघांत अनेकांची गल्लत होते. ‘ईजी’नंतर उदाहरणं येतात, ‘आयई’नंतर खुलासा.

ही सगळी रूपं टिरोने शोधली, असं सोशल मीडियावर फिरतं. त्याला पुरावा नाही. पण झटपट लॅटिन लिहिण्याच्या इतिहासात त्याचं नाव टाळता येत नाही.

टिरो हा रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो याच्या घरचा गुलाम. सिसेरो बोलायचा, टिरो उतरवून घ्यायचा. पत्रं, हिशेब, मजकूर तपासणं, सगळं त्याच्याकडे. त्यासाठी त्याने खुणांची लिपी बनवली, असं परंपरा सांगते. तिला ‘टिरोच्या खुणा’ म्हणतात.

इ.स.पूर्व ६३ मध्ये कॅटिलिनच्या कटावर सिनेटमध्ये चर्चा झाली. तेव्हा सिसेरोने अशा खुणा शिकवलेले लेखनिक सभागृहात बसवले होते, अशी नोंद प्लुटार्कने केली आहे.

इ.स.पूर्व ५३ मध्ये टिरोला गुलामीतून मुक्त करण्यात आलं. रोमन रिवाजाप्रमाणे त्याने मालकाचं नाव घेतलं आणि तो मार्कुस तुल्लिउस टिरो झाला. तीन वर्षांनी प्रवासात तो ग्रीसमधल्या पात्राय इथे आजारी पडून मागे राहिला. सिसेरोने तेव्हा त्याला पत्रांमागून पत्रं धाडली. ती आजही वाचायला मिळतात.

इ.स.पूर्व ४३ मध्ये सिसेरोची हत्या झाली. त्याचं लेखन जपण्यात टिरोचा मोठा वाटा होता. आज सिसेरोच्या पत्रव्यवहारातली ९०० हून अधिक पत्रं उपलब्ध आहेत. टिरोने लिहिलेलं सिसेरोचं चरित्र मात्र हरवलं. जेरोमच्या नोंदीनुसार, पुतेओलीजवळच्या आपल्या शेतवाडीवर राहून टिरो शंभरीपर्यंत जगला.

त्याच्या खुणा मध्ययुगातल्या मठांमध्येही शिकवल्या जात. तोवर त्यांची संख्या हजारोंत गेली होती. त्यातली ‘आणि’ची खूण इंग्रजी सातच्या आकड्यासारखी दिसते. आयर्लंडमधल्या पार्किंगच्या पाट्यांवर ती आजही आहे. ज्याची स्वतःची पुस्तकं उरली नाहीत, त्याच्या नावाने एवढं एक अक्षर मात्र टिकलं.