सुगरण रूथ वेकफील्ड

आपल्या हातचा पदार्थ चांगला उतरला की पाहुणे कौतुक करतात. पण त्यामागे डोके किती चालवावे लागले हे कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील रूथ वेकफील्ड या बाईंच्या बाबतीत तर नवलच घडले. त्यांनी विचारपूर्वक केलेला पदार्थ लोकांनी चुकून झालेला ठरविला!

रूथबाईंचा जन्म १९०३ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. फ्रॅमिंगहॅम येथे गृहशास्त्र शिकून त्या १९२४ साली उत्तीर्ण झाल्या. पुढे त्यांनी आहारतज्ज्ञ म्हणून काम केले, पाकशास्त्रावर व्याख्याने दिली. १९३० साली पती केनेथ यांच्यासह त्यांनी व्हिटमन गावी एक जुने घर घेऊन भोजनगृह काढले. त्याचे नाव टोल हाउस, म्हणजे जकातनाका. बाईंच्या हाताला चव होती. लांबलांबून लोक जेवायला येऊ लागले. त्यांचे पाककृतींचे पुस्तकही पुष्कळ खपले.

तेथे आइस्क्रीमबरोबर अक्रोडासारखा सुका मेवा घातलेली पातळ बिस्किटे देत. ती सर्वांना आवडत, तरी बाईंना काही निराळे करावेसे वाटले. १९३८ च्या सुमारास त्यांनी चॉकलेटच्या वडीचे बारीक तुकडे करून पिठात मिसळले व भट्टीत भाजले. तुकडे मऊ झाले, पण विरघळून गेले नाहीत. हीच ती चॉकलेट चिप कुकी! आपल्या नानकटाईची लांबची बहीणच म्हणा ना.

पुढे गोष्ट पसरली ती अशी, की चॉकलेट पिठात विरघळेल अशी बाईंची समजूत होती, ती फसली आणि कुकी जन्मली. पण शिकलेल्या, रोज शेकडो पाने वाढणाऱ्या बाईला चॉकलेटचा गुण ठाऊक नसेल काय? त्यांनी स्वतःही हा पदार्थ आपण मुद्दाम केल्याचे सांगितले होते.

१९३९ साली त्यांनी ही कृती छापण्याची परवानगी नेसले कंपनीला दिली. मोबदला अवघा एक डॉलर होता, असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना घरून या कुकीचे डबे जात. एकाचा डबा दहाजण खात, आणि पदार्थ देशभर झाला.

१९६७ साली बाईंनी भोजनगृह विकले. १९७७ साली त्या वारल्या. १९८४ च्या अखेरच्या रात्री ती वास्तूही जळाली. १९९७ साली मात्र शाळकरी मुलांच्या मागणीवरून मॅसॅच्युसेट्सने या कुकीला राज्याची कुकी म्हणून मान दिला.

भगिनींनो, पुरुषाने काही नवे केले तर तो शोध, आणि बाईने केले तर योगायोग, असे का व्हावे? उद्या शेजारणीची वडी खुसखुशीत झाली, तर तिला नशीबवान म्हणू नका. ती कशी सुचली, एवढे विचारा.