एक दिवसाचा महाराज झालेल्या गोऱ्या साहेबानं इंदूर साफ करून घेतलं होतं

कळमन्यात राहणाऱ्याला कचऱ्यावर लेक्चर द्यायची गरज नाही. एकीकडे मार्केट यार्डातला सडका माल, दुसरीकडे भांडेवाडीचा डम्पिंग यार्ड. वारा फिरला की खिडक्या बंद. मग कोणीतरी म्हणतंच, बघा ते इंदूर!

पण इंदूरमध्ये एका माणसानं शंभर वर्षांपूर्वीच हा विषय हातात घेतला होता. नाव पॅट्रिक गेडिस.

जन्म १८५४, स्कॉटलंड. खरं तर हा वनस्पतीशास्त्राचा माणूस. मेक्सिकोत असताना काही काळ डोळ्यांनी दिसेनासं झालं, मायक्रोस्कोप सुटला आणि लक्ष शहरांकडे वळलं. लग्नानंतर बायको ॲनासोबत ते एडिनबराच्या गलिच्छ वस्तीत राहायला गेले आणि शेजाऱ्यांना घेऊन चाळीची साफसफाई, रंगरंगोटी सुरू केली.

१९१४ ला ते भारतात आले. त्यांचं शहरांचं प्रदर्शन घेऊन येणारं जहाज जर्मनांच्या एम्डेननं बुडवलं, तरी गडी थांबला नाही. गावोगाव पायी फिरायचे आणि नगरपालिकांना अहवाल द्यायचे. असा एक अहवाल नागपूरसाठीही आहे. सांगणं एकच, रस्ता रुंद करायला सरसकट घरं पाडू नका. पडीक तेवढं काढा, विहिरी साफ करा आणि डास होतात म्हणून तळी बुजवू नका, त्यात मासे सोडा. (आपल्या नाईक तलावाकडं बघून हे वाचा.)

१९१७ मात्र वाईट गेलं. मुलगा महायुद्धात मारला गेला आणि त्याच वर्षी ॲनाही आजारपणात गेली.

इंदूरचं काम त्याच सुमाराचं. शहरात प्लेग होता. नकाशा घेऊन गल्लीबोळात फिरणारा हा दाढीवाला म्हातारा लोकांना घरं पाडायला आलेला वाटायचा, प्लेग यानंच आणला अशी कुजबुज होती. तेव्हा त्यांनी होळकर दरबाराकडं भलतंच मागितलं : एक दिवसासाठी मला महाराज करा. दरबारानं मान्य केलं.

मग दवंडी पिटली. दिवाळीची मिरवणूक ज्या गल्ल्या सगळ्यात स्वच्छ असतील तिथूनच जाणार, घरातला कचरा फुकट उचलला जाणार. दंड नाही, नोटीस नाही. आपल्या दारावरून हत्ती जावा म्हणून अख्खं शहर झाडू घेऊन उतरलं. सहा हजार गाड्या कचरा निघाला, असं गेडिस सांगायचे.

मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच, मागून घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीर. सगळ्यात भारी म्हणजे पांढरेशुभ्र कपडे घातलेले सफाई कामगार, हातात नवे झाडू. ज्यांची सावली टाळली जायची त्यांना भर रस्त्यात मान. घरोघरी तुळशीची रोपं वाटली आणि रात्री राक्षस-उंदीर जाळले.

तो प्लेग पुढं ओसरला. मिरवणुकीमुळंच, असं म्हणणं धाडसाचं होईल, प्लेगचा हंगामही सरत आला होता. पण त्यानंतर गेडिसना गल्लीत कोणी अडवलं नाही. १९१८ मध्ये इंदूरचा दोन खंडांचा अहवाल आला. नंतर ते मुंबई विद्यापीठात शिकवायला लागले आणि १९३२ ला फ्रान्समध्ये वारले.

त्याच इंदुरात पुढं अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा आणि शेणापासून कंपोस्ट करायची इंदूर पद्धत बसवली. कळमन्याच्या यार्डात रोज पडणारा भाजीपाला तिला बरोबर चालतो.