वल्ह्यापासून एव्हरेस्टपर्यंत

2024 च्या सप्टेंबरमध्ये एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला, रोंगबुक हिमनदीवर, एका टीमला एक बूट दिसला. जुना, चामड्याचा, तळाला खिळे ठोकलेला. आत पाय होता. पायात लोकरीचा मोजा आणि मोज्यावर लाल धाग्यात नावाची पट्टी शिवलेली: ए. सी. आयर्विन. हॉस्टेलला राहिलेल्यांना अशी पट्टी ओळखीची वाटेल, कपडे हरवू नयेत म्हणून घरून शिवून दिलेली.

अँड्र्यू आयर्विन, म्हणजे सगळ्यांचा सँडी, गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. पदवी पूर्ण व्हायची होती. जॉर्ज मॅलरीसोबत एव्हरेस्टवर हरवलेला तो दुसरा, एवढीच त्याची ओळख उरली. पण मॅलरी जन्माचा गिर्यारोहक होता आणि सँडी नव्हता. सँडी होता कॉलेजच्या रोइंग टीममधला पोरगा. मग तो तिथे पोचला कसा?

जन्म 8 एप्रिल 1902, इंग्लंडमधल्या बर्कनहेडचा. श्रूजबरीच्या शाळेत असताना हाताला दोन गोष्टी लागल्या, वल्हं आणि पाना. पहिलं महायुद्ध चालू होतं. विमानाच्या फिरत्या पंख्याला धक्का न लावता त्यातून मशीनगन कशी झाडायची, याचा आराखडा या शाळकरी मुलाने काढला आणि थेट युद्ध खात्याला पाठवून दिला! हे कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या प्रोजेक्टचे मार्कही नव्हते.

मोटारसायकलचंही वेड होतं. 1919 मध्ये पठ्ठ्याने वेल्समधल्या एका डोंगराच्या माथ्यावर गाडी चढवली. वर एक जोडपं फिरायला आलेलं, त्यांनाच थांबवून खालच्या गावाचा रस्ता विचारला. तो गृहस्थ होता भूवैज्ञानिक नोएल ओडेल. हे नाव लक्षात ठेवा.

पुढे ऑक्सफर्डचं मर्टन कॉलेज. तिथे जे दोन सीझन त्याला मिळाले ते सगळे नदीत गेले म्हटलं तरी चालेल. ऑक्सफर्ड विरुद्ध केंब्रिज ही बोट रेस 1829 पासूनची. लंडनमध्ये थेम्सवर पटनी ते मॉर्टलेक, साधारण 6.8 किलोमीटर. नावेत आठ वल्हेकरी, प्रत्येकाकडे एकच वल्हं, आणि सुकाणू सांभाळणारा कॉक्स. गंमत अशी की समोर बघतो तो फक्त कॉक्स. बाकी आठ जण जायचं त्या दिशेकडे पाठ करून बसतात. त्यांना दिसते पुढच्याची पाठ आणि मागे पडलेलं पाणी. एकट्याने जास्त जोर लावून उपयोग नाही, तसं केलं तर नाव डगमगते. हिरोगिरीला जागाच नाही असा हा खेळ आहे. थांबायचं मात्र कुणीच नाही, वीस-एकवीस मिनिटं फुप्फुसं जळत असली तरी.

1922 मध्ये सँडी विद्यापीठाच्या नावेत बसला आणि ऑक्सफर्ड साडेचार नावांच्या अंतराने हरलं. पुढच्या वर्षी तो परत नावेत होता, आणि यावेळी ऑक्सफर्ड पाऊण नावेने जिंकलं. 1913 नंतरचा तो पहिला विजय. त्यानंतरचा थेट 1937 मध्ये आला. तेव्हा सँडी पस्तिशीला टेकला असता, मित्रांसोबत किनाऱ्यावर उभा राहून आपल्या वेळच्या गप्पा हाणत असता. रोइंग केलेली माणसं त्या दिवसांबद्दल म्हातारपणापर्यंत बोलत राहतात. त्याला ती वेळच मिळाली नाही.

त्याच 1923 च्या उन्हाळ्यात मर्टन कॉलेजची मोहीम आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गनला गेली. सँडी आणि त्याचा रोइंगमधला मित्र जेफ्री मिलिंग दोघंही त्यात होते. चौघांच्या तुकडीने सामानाची स्लेज स्वतः ओढत बर्फ पार करायचा होता. तुकडीत कोण असावं? डोंगरावर रस्ता सांगणारा तोच ओडेल! ओढण्याचं कंटाळवाणं काम हा मुलगा कुरकूर न करता करतो आणि मोडलेली वस्तू हातात आली की ती दुरुस्त होते, हे ओडेलने पाहिलं. एव्हरेस्टच्या 1924 च्या मोहिमेसाठी त्याने सँडीचं नाव सुचवलं. हिमालय सोडा, मोठ्या डोंगरांचाच सँडीला फारसा अनुभव नव्हता. निवड झाली ती दमाची आणि हातांची.

फेब्रुवारीच्या शेवटी लिव्हरपूलहून मॅलरीसोबत बोट पकडली आणि मार्चमध्ये ते आपल्या मुंबईत उतरले. तिथून रेल्वेने देश ओलांडून दार्जिलिंग. बाविसावा वाढदिवस तिबेटच्या वाटेवर झाला.

मोहिमेचे ऑक्सिजनचे संच भलतेच कटकटीचे निघाले. नळ्या गळत होत्या, सांधे निखळत होते, वजनही वारेमाप. सँडीने तंबूतच वर्कशॉप थाटलं. संच उघडले, नको ते काढून टाकलं आणि हलके करून परत जोडले. एका उभ्या बर्फाच्या घळीतून हमालांना सामान घेऊन चढता यावं म्हणून दोरीची शिडीही त्यानेच बनवली. मॅलरीचा आधी ऑक्सिजनला विरोध होता. शेवटच्या प्रयत्नात मात्र त्याने तो घ्यायचं ठरवलं आणि सोबतीला सँडीला निवलं नाही तरच नवल, अशी परिस्थिती होती. अनुभवी, वातावरणाला सरावलेला ओडेल हाताशी असताना हा पोरगा का, यावर अजून वाद चालतो. मला त्यात फार गूढ वाटत नाही. संच बिघडला तर वर दुरुस्त कोण करणार? शिवाय मॅलरी स्वतः केंब्रिजला त्याच्या कॉलेजच्या बोट क्लबचा कॅप्टन राहिलेला होता. नावेत कुणाला बसवायचं हे त्याला कळत असणार.

8 जून 1924. दुपारी पाऊण वाजून गेल्यावर ढग क्षणभर फाटले आणि खालून ओडेलला वरच्या धारेवर दोन ठिपके सरकताना दिसले. मग ढग मिटले.

1933 मध्ये सुमारे 8,460 मीटरवर एक बर्फाची कुऱ्हाड मिळाली. दांड्यावरच्या तीन खाचांवरून ती सँडीची मानली जाते. मॅलरीचा देह 1999 मध्ये सापडला. ते शिखरावर पोचले होते का, हे कदाचित सोबतच्या छोट्या कोडॅक कॅमेऱ्यातून कळलं असतं. तो अजून मिळालेला नाही.

सँडीची डायरी मर्टन कॉलेजकडे आहे. शेवटची नोंद 5 जूनची. उन्हाने आणि वाऱ्याने चेहरा सोलून निघालाय, वेदना असह्य आहेत, असं त्याने लिहिलंय. आणि उद्या सकाळी निघण्यासाठी ऑक्सिजनचे दोन संच तयार करून ठेवलेत, असंही.