विरजणाला प्रयोगशाळेत नेणारा शास्त्रज्ञ

रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालून आपण झाकण ठेवतो, तेव्हा त्या दुधात कोट्यवधी जिवंत जिवाणू सोडत असतो. दीडशे वर्षांपूर्वी ही गोष्ट फारच थोड्यांना माहीत होती. आज दह्याच्या डब्यावर ‘प्रोबायोटिक’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते आणि सोबत पोटाच्या आरोग्याचे दावेही असतात. या दाव्यांचा माग काढत गेलो, तर आपण इल्या मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञापाशी पोहोचतो. त्यांचे काय बरोबर ठरले आणि काय चुकले, हे समजून घेतले तर हे दावे पारखणे सोपे जाते.

मेचनिकॉव्ह यांचा जन्म १८४५ साली खारकॉव्हजवळच्या एका खेड्यात झाला. तो भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला आणि तरुण वयातच ते ओडेसा येथे प्राणिशास्त्र शिकवू लागले. पण घरात आजारपण होते. १८६९ मध्ये ल्युडमिला यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा वधूला क्षयाने इतके ग्रासले होते की तिला खुर्चीत बसवून विवाहविधीसाठी न्यावे लागले. चार वर्षांनी मदेरा बेटावर ती गेली. खचलेल्या मेचनिकॉव्ह यांनी अफूजन्य औषधाचा मोठा डोस घेतला. डोस इतका जास्त होता की उलटी झाली आणि ते वाचले.

१८७५ मध्ये त्यांनी ओल्गा यांच्याशी दुसरा विवाह केला. पाच वर्षांनी ओल्गांना विषमज्वराने गाठले. त्या कशाबशा वाचल्या. १८८१ मध्ये मेचनिकॉव्ह यांनी पुन:पुन्हा उलटणाऱ्या एका तापाच्या रुग्णाचे रक्त स्वत:ला टोचून घेतले. तो ताप रक्तातून पसरतो का, हे त्यांना पाहायचे होते, आणि जिवाची पर्वाही उरली नव्हती. ते मरता मरता वाचले. त्याच वर्षी त्यांचे मोठे बंधू इव्हान यांचे निधन झाले. टॉलस्टॉय यांची मृत्यूवरची प्रसिद्ध दीर्घकथा याच इव्हान इलिच यांच्यावरून सुचलेली आहे.

पुढच्याच वर्षी चित्र पालटले. विद्यापीठाची नोकरी सोडून ते कुटुंबासह सिसिलीतल्या मेसिना या बंदरात राहायला गेले होते. घरातली मंडळी सर्कशीला गेलेली असताना त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या शरीरात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातला होता. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला गिळून टाकणाऱ्या पेशी असतात, हा त्यांचा सिद्धान्त इथून सुरू झाला. १८८८ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. याच संशोधनासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिक यांच्यासह मिळाले. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन हे त्यांचेच ओडेसातले विद्यार्थी. गुरूंनी पॅरिसच्या संस्थेत मिळवून दिलेल्या कामावरून त्यांची तिथली वाटचाल सुरू झाली. परळच्या संस्थेला आज त्यांचेच नाव आहे.

पन्नाशी उलटल्यावर मेचनिकॉव्ह यांना म्हातारपणाच्या प्रश्नाने घेरले. त्यांचे म्हणणे असे, की मोठ्या आतड्यातले कुजवणारे जिवाणू विषारी द्रव्ये तयार करतात. ती रक्तात मिसळून शरीर झिजवतात आणि मग रक्षण करणाऱ्या पेशीच आपल्या मेंदूच्या व इतर अवयवांच्या पेशी खाऊ लागतात. यावर उपाय काय? आंबलेले दूध लवकर कुजत नाही, हे लोकांना पूर्वापार ठाऊक होते. दुधातल्या साखरेपासून जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात कुजवणाऱ्या जिवाणूंचा टिकाव लागत नाही. मग हीच क्रिया आतड्यात का होऊ नये, असा प्रश्न त्यांनी विचारला.

बल्गेरियात शंभरी गाठणारे लोक पुष्कळ आहेत आणि दही हा त्यांचा रोजचा आहार आहे, असे त्यांच्या वाचनात आले होते. त्या दह्यातला जिवाणू स्टामेन ग्रिगोरॉव्ह या बल्गेरियन तरुणाने जिनिव्हातल्या प्रयोगशाळेत १९०५ मध्ये शोधला. हाच पुढे बल्गेरिकस या नावाने ओळखला गेला. मेचनिकॉव्ह यांनी १९०७ च्या आपल्या पुस्तकात आंबवलेल्या दुधाचा जोरदार पुरस्कार केला. ते स्वत: रोज असे दूध घेत. मात्र कोणतेही नासलेले दूध त्यांना चालत नसे. कच्च्या दुधातून रोगजंतू पोटात जाऊ शकतात, म्हणून दूध आधी उकळावे, निवल्यावर त्यात ओळखीच्या, शुद्ध जिवाणूंचे विरजण घालावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याआधी डेन्मार्क आणि जर्मनीत लोणी व चीज यांसाठी निवडक जिवाणूंचे विरजण वापरायला सुरुवात झाली होती. मेचनिकॉव्ह यांच्यामुळे हा विचार सामान्य माणसाच्या ताटापर्यंत आला. दह्याच्या गोळ्या आणि भुकट्यांचा धंदा फोफावला.

१५ जुलै १९१६ रोजी हृदयविकाराने मेचनिकॉव्ह यांचे निधन झाले. वय ७१. दीर्घायुष्याचा मार्ग सांगणारा माणूस शंभरीच्या जवळपासही पोहोचला नाही, अशी टीका झाली. एका माणसाच्या वयावरून सिद्धान्त खोटा ठरत नाही. पण १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत येल विद्यापीठातल्या लिओ रेटगर यांनी दाखवले की बल्गेरिकस माणसाच्या आतड्यात मुक्काम करत नाही. दीर्घायुष्याच्या आशेवर तिथे विरजण पडले. आतड्यातल्या कुजण्याने म्हातारपण येते, हा विचारही पुढे टिकला नाही. बल्गेरियाच्या उदाहरणात तर्काची आणखी एक चूक होती. शंभरी गाठणारे दही खातात, एवढ्यावरून दह्याने शंभरी गाठता येते, असे सिद्ध होत नाही.

मग उरले काय? पुष्कळ. आतड्यातल्या जिवाणूंचा आरोग्याशी संबंध असतो, हा त्यांचा मूळ विचार आज संशोधनाचे मोठे क्षेत्र आहे. दूध पचत नाही अशा अनेकांना दही पचते, कारण जिवंत जिवाणू दुधातल्या साखरेच्या पचनाला मदत करतात. हा फायदा युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये मान्य केला, तोही अट घालून. दर ग्रॅममध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. म्हणजे दही लागल्यानंतर पुन्हा तापवून टिकाऊ केलेल्या उत्पादनाकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही.

घरच्या दह्यालाही मेचनिकॉव्ह यांची शिस्त लागू पडते. पनीर लिंबू पिळूनही होते. दही, चक्का किंवा मुरवलेले चीज मात्र जिवाणूंशिवाय होत नाही. दूध नीट उकळावे, ते कोमट झाल्यावरच विरजण घालावे, कारण गरम दुधात जिवाणू मरतात. भांडे आणि चमचा स्वच्छ असावा. विकतच्या दह्यातले दोन मुख्य जिवाणू ४० ते ४५ अंश सेल्सिअसला जोमाने वाढतात आणि एकमेकांना पोषक द्रव्ये पुरवतात. घरगुती विरजणात याहून कमी तापमानाला वाढणारेही असतात. दह्याला तार येऊ लागली किंवा चव बिघडली, तर विरजण बदलावे. रंगीत बुरशी दिसली तर वरचा थर काढून खाण्याचा मोह टाळावा. सगळेच दही टाकून द्यावे. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी कमी झाली आहे, त्यांनी प्रोबायोटिक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

मेचनिकॉव्ह यांच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात कलशात ठेवल्या आहेत. दोनदा मरणाच्या दारातून परतलेल्या या माणसाने उरलेले आयुष्य जगण्याच्या बाजूने प्रश्न विचारण्यात घालवले. वाटीभर ताजे दही जेवणात जरूर असावे. त्याच्याकडून शंभर वर्षांची हमी मात्र मागू नये.