ठिणगीविना पेटणाऱ्या इंजिनाचा जनक

गावाकडच्या विहिरीवर पूर्वी हमखास दिसणारे ऑइल इंजिन वीज आल्यावर अडगळीत गेले. वर्षानुवर्षे ऊन-पाऊस सोसलेले असे एखादे इंजिन कुणी भंगारातून उचलून आणतो आणि ते पुन्हा सुरू करण्याचा घाट घालतो. मिस्त्री आधी टाकी धुतो, ताजे तेल भरतो, नळीत अडकलेली हवा काढून टाकतो. मग झडप उघडी ठेवणारा खटका उचलून हँडल फिरवायचे आणि चाकाने वेग घेतला की खटका सोडायचा. पहिल्या दहा प्रयत्नांत घाम तेवढा निघतो. अकराव्यांदा दणका बसतो, काळ्या धुराचा लोट उठतो आणि निर्जीव वाटणारे यंत्र धडधडू लागते. या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. मग तेल पेटते कशाने? हे कोडे प्रत्यक्ष यंत्रात सोडवण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्याचे नाव आपण रोज पंपावर उच्चारतो. ते एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन, वडिलांचा पुस्तकबांधणीचा आणि चामड्याच्या वस्तूंचा व्यवसाय. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला तिथून जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे नातलगांकडे धाडण्यात आले. परक्या घरी वाढणाऱ्या या मुलाला यंत्रांची गोडी लागली ती कायमची.

पुढे म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत त्यांना कार्ल फॉन लिंडे हे गुरू लाभले. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी आणते, उरलेली वाया जाते, हे सत्य तिथे त्यांच्या मनाला लागले. १८८० मध्ये उत्तम गुणांनी पदवी मिळवून ते लिंडे यांच्याच बर्फयंत्रांच्या व्यवसायात पॅरिसला रुजू झाले. नोकरी थंडी निर्माण करण्याची, ध्यास मात्र उष्णतेचा.

त्यांची कल्पना सायकलला हवा भरणाऱ्या कुणालाही समजावी अशी होती. हवा दाबली की पंपाचे नळकांडे तापते. मग ती पुष्कळ दाबली, तर तिच्या उष्णतेनेच इंधन पेटणार नाही का? १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १८९३ मध्ये ते मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचा सिद्धान्त पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याने आणि क्रुप कंपनीने पाठबळ दिले.

पण कागदावरचे इंजिन आणि लोखंडाचे इंजिन यांत मोठे अंतर असते. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. कारखान्यातील पट्ट्याने इंजिन बाहेरून फिरवले गेले, आत इंधन सोडले आणि स्फोट झाला. दाब मोजणाऱ्या उपकरणाच्या ठिकऱ्या उडाल्या. डिझेल थोडक्यात बचावले. इंजिन चालले नाही. परंतु दाबलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते, एवढे सिद्ध झाले. पुस्तकात मांडलेला प्रचंड दाब यंत्राला झेपणारा नव्हता. डिझेल यांनी तो उतरवला, इंजिनाची रचना बदलली. अखेर १७ फेब्रुवारी १८९४ रोजी हे इंजिन प्रथमच स्वबळावर चालले, तेही सुमारे एक मिनिट! इंजिन फिरवणारा पट्टा आता इंजिनच ओढत आहे, हे पाहून शेजारच्या कारागिराने मुकाट्याने डोक्यावरची टोपी काढली, अशी आठवण सांगितली जाते.

त्या एका मिनिटापासून भरवशाच्या यंत्रापर्यंत पोहोचायला आणखी तीन वर्षे लागली. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी घेतलेल्या चाचणीत इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर केले. तेव्हाच्या कोणत्याही इंजिनाला हे साधले नव्हते. ते इंजिन म्युनिकच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. देशोदेशींचे उद्योगपती परवान्यासाठी रांगेत उभे राहिले. डिझेल लक्षाधीश झाले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर त्यांच्या पद्धतीचे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले.

वैभव मात्र टिकले नाही. सुरुवातीच्या इंजिनांत दोष निघाले, पेटंटवरून वाद झाले. मूळ सिद्धान्त आणि प्रत्यक्ष इंजिन यांतील फरकावर बोट ठेवून टीकाकारांनी त्यांचे श्रेयच नाकारले. अतिश्रमाने प्रकृती ढासळली. जमिनींच्या आणि तेलविहिरींच्या व्यवहारांत संपत्ती बुडाली. २९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी अँटवर्पहून ‘ड्रेस्डेन’ या बोटीने ते इंग्लंडला निघाले. रात्री जेवण करून ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी बिछाना अस्पर्श होता. टोपी आणि ओव्हरकोट तेवढे डेकवर सापडले. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह आढळला. त्यावरील वस्तू मुलाने ओळखल्या. ती आत्महत्या होती, अपघात की घातपात, याचा निर्णय कधीच लागला नाही. वय अवघे ५५.

डिझेल यांची इंजिने अवाढव्य होती. इंधन आत फवारण्यासाठी त्यांना वेगळा हवादाबक लागे. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीचे इंधनपंप मोठ्या प्रमाणावर बनू लागले, तेव्हा हे इंजिन लहान आणि सुटसुटीत होऊ शकले. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि विहिरीवरची मोट जाऊन तिथे इंजिनाचा आवाज घुमू लागला. लहान उद्योगालाही परवडेल असे यंत्र घडवण्याचे डिझेल यांचे स्वप्न असे दूरदेशीच्या शिवारात उतरले. ते पाहायला ते स्वतः नव्हते.

आज डिझेलच्या धुराविषयी जग साशंक आहे आणि ते योग्यही आहे. तरीही भंगारातले एखादे इंजिन अकराव्या हँडलला धडधडते, तेव्हा आउग्सबुर्गच्या त्या एका मिनिटाची आठवण ठेवायला हरकत नाही.