बाबासाहेबांचा पोशाख

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आम्हां सर्वांच्या डोळ्यांपुढे कोट, टाय आणि चष्मा येतो. हा साहेबी थाट कशाला, असं अजूनही कुणी विचारतं. त्याला आम्ही मसूर स्टेशनची हकीकत सांगतो.

साल १९०१. नऊ-दहा वर्षांचा भीमराव भावंडांबरोबर वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाला होता. अंगात विलायती सदरे, डोक्यावर झगमगीत टोप्या, रेशीमकाठी धोतरं, पायांत नवे जोडे. स्टेशनमास्तरला वाटलं, ब्राह्मणांची पोरं! जात कळली आणि त्याचा चेहराच पालटला. एकही गाडीवान गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं भरून पोरांनीच बैलगाडी हाकली. वाटेत घोटभर पाणीसुद्धा मिळालं नाही.

भारी कपड्यांनी जात झाकत नाही, हे असं पोरवयातच भोगलेलं. तरी नीटनेटकेपणा त्यांनी सोडला नाही. न्यूयॉर्क, लंडन करून १९२३ साली ते बॅरिस्टर होऊन आले आणि कोट अंगावर कायम राहिला.

तो थाट त्यांनी एकट्यापुरता ठेवला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी आयाबहिणींना बजावलं, की जातीची खूण सांगणारे कथलाचे-चांदीचे जाड दागिने टाका, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, फाटकं असलं तरी स्वच्छ ठेवा. कित्येकींनी तिथंच नेसण बदललं. आमच्या मते महाडच्या पाण्याइतकीच ही गोष्ट मोठी.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेताना मात्र त्यांच्या अंगावर पांढरा कोट आणि पांढरं रेशमी धोतर होतं. समोरचा लाखोंचा समुदायही पांढऱ्या वस्त्रांत आला होता.