पांडुरंग सदाशिव खानखोजे

पृथ्वीचा नकाशा समोर घ्या. स्पेनमधून निघालेली स्पॅनिश भाषा आज सुमारें वीस देशांची राजभाषा आहे. आणि ती बोलणारे सर्वांत अधिक लोक स्पेनमध्यें नसून मेक्सिकोंत आहेत. त्या मेक्सिकोंत एका मराठी गृहस्थानें आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें स्पॅनिशमधून शेतकी शिकविण्यांत घालविलीं.

खानखोजे मूळचे वर्ध्याचे. देश स्वतंत्र व्हावा या ध्यासानें ते तरुणपणींच अमेरिकेस गेले. तेथें त्यांनीं शेतकीचें उच्च शिक्षण घेतलें आणि गदर पक्षाच्या उभारणींतहि भाग घेतला. पहिल्या महायुद्धांत ते इराणांत इंग्रजांविरुद्ध लढले. तो डाव फसला. पुढें बर्लिन, मॉस्को असा प्रवास झाला. मायदेशीं परतावें तर तुरुंग ठरलेला. अखेर १९२४ च्या सुमारास त्यांनीं मेक्सिको गांठलें. तेथील कांहीं क्रांतिकारकांशीं त्यांचा जुना स्नेह होता. त्यामुळें चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयांत त्यांना अध्यापकाची जागा मिळाली.

खडकवासल्याच्या वाटेवर पावसाळ्यांत आपण जें भाजलेलें कणीस खातों, त्या मक्याचें मूळ घर मेक्सिकोच. तेथील शेतकऱ्यास मका शिकविणें म्हणजे कोंकणी माणसास भातलावणी शिकविण्यासारखेंच! पण खानखोजे त्या लोकांचे झाले. मका, गहूं, डाळी यांवर प्रयोग करून थंडी व अवर्षण सोसणारीं वाणें त्यांनीं तयार केलीं. गरीब शेतकऱ्यांसाठीं मुक्त शेतकी शाळाहि काढल्या. तेथें कित्येकांच्या घरीं स्पेनच्या स्वारीपूर्वीच्या भाषा चालत. तेव्हां पुष्कळदां स्पॅनिश गुरूलाहि परकी आणि शिष्यालाहि परकीच! तरी मक्याचें दाणेदार कणीस हातीं असतां बोलणें अडत नसावें. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानें १९२८ सालीं शिक्षणखात्याच्या भिंतीवर काढलेल्या चित्रांत पाव मोडून वाटणारे खानखोजेच आहेत.

१९३६ सालीं त्यांनीं एका बेल्जियन स्त्रीशीं विवाह केला. देश स्वतंत्र झाला, तेव्हां परतण्यास त्यांचें मन अधीर झालें. परंतु ज्या देशासाठीं घर सोडलें, त्या देशाच्या वेशीवर इंग्रजांनीं घातलेली जुनी बंदीच प्रथम आड आली! ती पुढें दूर झाली. अखेरचीं वर्षें त्यांनीं नागपुरास काढलीं, आणि २२ जानेवारी १९६७ रोजीं ते निवर्तले. चापिंगो येथें २०२२ सालीं त्यांचा पुतळा बसविण्यांत आला.